चित्रतुरगाचे सोंग : कार्टूनची संगीतिका आणि तिचे दूरचित्रवाणी-रूप

१

रूपांतराच्या चर्चेत आपल्याकडे एक सवय रूढ झालेली आहे. कादंबरीचे नाटक, नाटकाचा चित्रपट, कथेची मालिका असा प्रवास झाला की समीक्षक मूळ कृती एका हाती आणि रूपांतर दुसऱ्या हाती घेऊन काय राहिले, काय गळले याचा हिशेब मांडतो. या हिशेबामागे एक गृहीत असते. मूळ कृती शब्दांत असते. शब्दांनी जे केवळ सुचविले ते दृश्य रूपांतर निश्चित करते, आणि वाचकाच्या कल्पनेला असलेली मोकळीक त्या प्रमाणात आखडते. परंतु मूळ कृतीच चित्ररूप असेल, तिच्यातील पात्रांना रेषा व रंग यांपलीकडे अस्तित्वच नसेल आणि रूपांतरात त्यांना हाडामांसाचे देह मिळत असतील, तर हे गृहीत उलटे होते. निश्चित दृश्य येथे आधीच हजर असते. रंगभूमीला ते पुन्हा अनिश्चित करावे लागते. कार्टूनवर आधारित संगीत नाटकाचा प्रश्न सैद्धांतिक दृष्ट्या महत्त्वाचा ठरतो तो यामुळे. तो केवळ बालरंजनाच्या खात्यावर टाकून देता येत नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी 'द स्पंजबॉब म्युझिकल' ही अमेरिकन संगीतिका आणि तिचे दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण हे उदाहरण घेता येईल. सागरी जीवशास्त्राचे शिक्षक असलेले स्टीफन हिलेनबर्ग यांनी निर्माण केलेली 'स्पंजबॉब स्क्वेअरपँट्स' ही कार्टून-मालिका १९९९ साली निकलोडियन वाहिनीवर सुरू झाली. टीना लँडाऊ यांची संकल्पना व दिग्दर्शन, काइल जॅरो यांची संहिता आणि टॉम किट यांचे संगीत-संयोजन असलेली संगीतिका २०१६ मध्ये शिकागो येथे प्रथम सादर झाली. डिसेंबर २०१७ ते सप्टेंबर २०१८ या काळात न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरमध्ये तिचे प्रयोग झाले. पुढे इंग्लंडमधील प्लिमथ येथील थिएटर रॉयलमध्ये प्रेक्षकांसमोर झालेला प्रयोग चित्रित करण्यात आला आणि ७ डिसेंबर २०१९ रोजी तो निकलोडियनवरूनच प्रक्षेपित झाला. म्हणजे पडद्यावरून रंगमंचावर गेलेले पात्र पुन्हा त्याच वाहिनीच्या पडद्यावर परतले. जाताना ते रेषा होते, परतताना देह होऊन आले. या येरझाऱ्यात त्याने काय मिळविले आणि काय गमावले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही. ॲनिमेशनपटांतून निघालेल्या 'ब्यूटी अँड द बीस्ट' आणि 'अलाद्दीन' या संगीतिकांचे भव्य प्रयोग अनुक्रमे २०१५ व २०१८ मध्ये मुंबईत झाले. त्याहून महत्त्वाचे असे की, महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागातील मुलांना रंगभूमी भेटते ती बहुधा पडद्यावरच. या भेटीला रंगभूमीची भेट म्हणावे काय, हा प्रश्न त्यामुळे आपलाही आहे.

२

या प्रश्नाला हात घालण्यासाठी आपल्या नाट्यविचारातील एका जुन्या वादाकडे वळणे उपयुक्त ठरेल. भरताच्या रससूत्रावरील श्रीशंकुकाचे मत अभिनवगुप्ताच्या 'अभिनवभारती'तून आपल्यापर्यंत पोचले आहे. मराठीच्या विद्यार्थ्यांना ते प्रामुख्याने नागपूरचे ग. त्र्यं. देशपांडे यांच्या 'भारतीय साहित्यशास्त्र' या ग्रंथामुळे परिचित झाले. या ग्रंथास १९५९ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला होता. शंकुकाच्या मते, नटाच्या ठिकाणी प्रेक्षकाला होणारी रामाची प्रतीती ही सम्यक् ज्ञान, मिथ्या ज्ञान, संशय आणि सादृश्यज्ञान या चारही कोटींहून वेगळी असते. चित्रातला घोडा पाहून आपण 'हा घोडा' असे म्हणतो. तो खरा आहे असे मानत नाही, फसलो असेही मानत नाही. हाच तो चित्रतुरगन्याय. नटातील राम हा चित्रातील घोड्यासारखा, आणि नट हा अनुकर्ता.

या मतावर अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी घेतलेला आक्षेप प्रसिद्ध आहे. अनुकार्य पाहिलेले असल्याशिवाय अमुक हे त्याचे अनुकरण आहे असे कोण म्हणू शकेल? राम कोणीच पाहिलेला नाही. मग नट रामाचे अनुकरण करतो हे प्रेक्षकाने कशावरून ठरवावे? नाट्य हे अनुकरण नव्हे, या निष्कर्षाकडे नेणारा हा आक्षेप शंकुकाच्या उपपत्तीचा पायाच हलवतो.

आता कार्टूनची संगीतिका पाहणाऱ्या मुलाचा विचार करावा. भट्टतौतांचा आक्षेप त्याला लागू पडत नाही. अनुकार्य त्याने पाहिलेले आहे, एकदा नव्हे तर शेकडो वेळा. स्पंजबॉबचे दोन पुढे आलेले दात, त्याची चौकोनी विजार, त्याचे चिरके हसणे हे सर्व त्याच्या परिचयाचे आहे. शिवाय येथील अनुकार्य स्वतःच एक चित्र आहे. शंकुकाने नट समजावून सांगण्यासाठी चित्रातील घोड्याचा दृष्टांत दिला. येथे नट त्या चित्रातील घोड्याचेच अनुकरण करीत आहे. दृष्टांतच दार्ष्टांतिक झाला आहे. असा विचित्र प्रसंग जुन्या शास्त्रकारांपुढे उभा राहण्याचे कारण नव्हते.

या उलटापालटीचा परिणाम आस्वादावर होतो. अनुकार्य पूर्णपणे ज्ञात असल्यामुळे प्रेक्षक ताळा करू लागतो. नाक तसेच आहे काय? आवाज तसाच आहे काय? शंकुकाने नाट्यप्रतीतीतून जे सादृश्यज्ञान काळजीपूर्वक वगळले, तेच मागल्या दाराने आत शिरते आणि रसास्वादाची जागा पडताळणी घेते. मॉलमध्ये किंवा वाढदिवसाच्या समारंभात फोमचे मुखवटे व अंगरखे घालून फिरणारी कार्टूनची पात्रे नेमकी याच पातळीवर राहतात. त्यांना पाहून मूल ओळखते, टाळ्या पिटते आणि तेथेच थांबते. कार्टूनचे नाटक करणाऱ्यापुढील खरे आव्हान हे की, ओळख पटवून द्यायची आणि तरी ताळ्याच्या पलीकडे जायचे.

३

प्रस्तुत संगीतिकेने हे आव्हान कसे पेलले हे तिच्या आहार्यातून प्रथम दिसते. डेव्हिड झिन यांनी रचलेल्या वेशभूषेत फोमचा चौकोन नाही. स्पंजबॉबची भूमिका करणारा इथन स्लेटर पिवळा सदरा, चौकटीची विजार, पट्टे आणि टाय एवढ्यावर उभा राहतो. सँडी ही खार आहे, पण तिला शेपूट नाही. पॅट्रिक हा तारामासा आहे, पण त्याला पाच टोके नाहीत. मिस्टर क्रॅब्सच्या हातांत तेवढे लाल, फुगीर पंजे आहेत. अपवाद स्क्विडवर्डचा. गॅव्हिन ली यांच्या विजारीला मागे आणखी दोन पाय जोडलेले आहेत, आणि त्या चार पायांनी ते टॅप नृत्य करतात.

अभिनवगुप्ताने रसविघ्नांची चर्चा करताना मुकुट, शिरोवेष्टन इत्यादी नेपथ्याचे प्रयोजन सांगितले आहे. नट हा नट आहे ही जाणीव त्यांनी झाकली जाते आणि 'हा अमुक स्थळकाळातील अमुक माणूस' असे विशेषत्व आस्वादाच्या आड येत नाही. येथे झाकण्याचे ते साधन जाणूनबुजून दूर ठेवले आहे. मग नटबुद्धी झाकली कशाने जाते? उत्तर असे की, ती पूर्ण झाकलीच जात नाही, आणि या प्रयोगाचे बळ त्यातच आहे. आहार्याने सोडलेली जागा आंगिक आणि वाचिक अभिनय घेतात. स्लेटर गुडघे आत वळवून चालतो, कमरेतून वाकतो, शिड्या व फळ्या यांच्या रचनेतून अंग दुमडून वर चढतो. रेषेला जे फुकट मिळते ते या नटाला शरीराची किंमत मोजून मिळवावे लागते.

सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइन यांनी डिस्नेवरील टिपणांत कार्टूनच्या आकर्षणाचे मर्म त्याच्या आकारहीन लवचीकतेत शोधले होते: कोणताही आकार धारण करता येणे, कोणत्याही आकारात न अडकणे. कार्टूनमधील देह ताणला जातो, चपटा होतो, फुटतो आणि पुढच्याच क्षणी पूर्ववत होतो. तो थकत नाही, त्याला घाम येत नाही, त्याला मरण नाही. रंगमंचावरील देहाला हे सर्व आहे. कार्टूनची संगीतिका पाहताना आपण पात्र पाहतो आणि त्याच वेळी त्या अमर देहाशी बरोबरी करू पाहणारा मर्त्य देहही पाहतो. स्क्विडवर्डचे नृत्य रंगते ते याच कारणाने. चार पायांचा प्राणी नाचतो यात कार्टूनमध्ये काहीच नवल नाही. दोन पायांचा माणूस चार पायांचा तोल सांभाळून ताल धरतो, यात ते आहे.

ध्वनीच्या बाबतीतही हेच तत्त्व दिसते. कार्टूनमधील पावलांचे चिवचिवाट, आपटण्याचे आवाज मुद्रणकक्षात तयार होतात. ते कोण करतो हे कधी दिसत नाही. येथे असे आवाज काढणारा कलावंत रंगमंचाच्या कडेला प्रेक्षकांना दिसेल असा बसविला आहे, आणि नटाच्या प्रत्येक पावलाला तो तेथून आवाज देतो. नटाचा पाय आणि त्याचा हात यांतील मेळ हाच एक नाट्यप्रसंग बनतो. तमाशातील ढोलकीवाला ज्याने पाहिला आहे त्याला हा मेळ परका वाटणार नाही. आपल्या लोकरंगभूमीने ध्वनीचे उगमस्थान कधी लपविले नाही.

संहिता साधी आहे, परंतु पोरकट नाही. बिकिनी बॉटम या सागरतळाच्या गावाजवळ ज्वालामुखी जागा होतो. दुसऱ्या दिवशी सूर्यास्तापर्यंत गाव नष्ट होणार, अशी वार्ता पसरते. गावकरी कारण शोधू लागतात आणि ते त्यांना सँडीत सापडते, कारण ती जमिनीवरून आलेली, म्हणजे परकी आहे. संकट निवारण्याची शास्त्रीय युक्ती तिच्याचजवळ आहे आणि बहिष्कारही तिच्यावरच पडतो. दुसरीकडे सार्डिन माशांचा एक कळप पॅट्रिकला सद्गुरू मानून त्याच्या मागे लागतो. भयग्रस्त समूह एकाच वेळी बळी आणि देव कसे निर्माण करतो, याचे हे चित्र कोणत्याही समाजातील प्रेक्षकाला ओळखता येईल.

उणिवांकडेही पाहिले पाहिजे. डेव्हिड बोवी व ब्रायन ईनो, सिंडी लॉपर, जॉन लेजंड, सारा बरेलिस अशा अनेकांची गाणी एकत्र गुंफल्यामुळे संगीताला एकच आंतरिक व्यक्तिमत्त्व लाभत नाही. टॉम किट यांचे संयोजन ही उणीव झाकते, भरून काढीत नाही. नेपथ्यातील विसंगती अधिक सूचक आहे. छत्र्यांचे जेलिफिश, प्लॅस्टिकचे पेले, पिंपे, खोकी अशा टाकाऊ वस्तूंतून येथे समुद्र उभा केला आहे. दृश्यकल्पना म्हणून ते मनोहर आहे, आणि त्या वर्षीचा नेपथ्याचा टोनी पुरस्कारही त्याला मिळाला. तथापि ब्रॉडवेच्या अतिखर्चिक व्यवस्थेत टाकाऊपणाचा हा आभास विकत घेतलेला असतो. सर्व सोंगे आणता येतात पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण म्हणतो. येथे पैशाने गरिबीचे सोंग आणले आहे. वाहिनीच्या मालकीचे एक पात्र नव्या बाजारात नेण्याच्या व्यवहाराला निरागसतेचे नेपथ्य मिळते. अडोर्नो व होर्कहायमर यांनी संस्कृती-उद्योगाविषयी दिलेला इशारा या ठिकाणी विसरता येत नाही. पण तेवढ्याने नटाचा श्रम खोटा ठरत नाही, हेही तितकेच खरे.

४

आता प्रक्षेपणाकडे वळू. नाट्यप्रयोगाचे अस्तित्व केवळ वर्तमानात असते, मुद्रित झाला की तो प्रयोग राहत नाही, असे पेगी फेलन यांनी १९९३ मध्ये मांडले. याउलट 'जिवंतपणा' ही कल्पनाच मुद्रणाच्या युगाने निर्माण केली आहे, दोहोंत मूलभूत भेद मानण्याचे कारण नाही, असे फिलिप ऑस्लँडर यांनी १९९९ मध्ये प्रतिपादन केले. हा वाद बहुधा सर्वसाधारण पातळीवर चालतो. विशिष्ट उदाहरण हाती घेतले की दोन्ही बाजूंचे काही खरे व काही अपुरे दिसू लागते.

प्रक्षेपणाने नटाचा श्रम नाहीसा होत नाही, उलट तो मोठा होतो. प्रेक्षागृहातील मागच्या रांगेला स्लेटरच्या कपाळावरील घाम दिसत नाही. समीपदृश्यात तो दिसतो. म्हणजे रंगमंचाने रेषेला दिलेली मर्त्यता कॅमेरा अधोरेखित करतो. या मर्यादेत ऑस्लँडर यांचे म्हणणे मान्य करावे लागते. मात्र नेमक्या याच सामर्थ्यातून ताळ्याची वृत्ती पुन्हा डोके वर काढते. ज्या चौकटीत कार्टून दिसत होते त्याच चौकटीत, त्याच आकारात, आता नट दिसतो. चित्र आणि नट यांच्यामध्ये रंगमंचाने जे अंतर निर्माण केले होते ते पडदा मिटवतो आणि दोघांना शेजारी उभे करतो. मालिकेत स्पंजबॉबला आवाज देणारे टॉम केनी या प्रक्षेपणात पॅची नावाच्या चाच्याच्या भूमिकेत प्रत्यक्ष दिसतात. मूळ आवाजाचा धनी आणि त्या आवाजाचा अनुकर्ता एकाच प्रयोगात येतात, आणि मूळ कोणते हा प्रश्न पडताळणीच्या भाषेत पुन्हा उभा राहतो.

याहून मोठी हानी प्रेक्षकत्वाची आहे. रसपरिपोषासाठी सर्व सामाजिकांची प्रतीती एकघन होणे अभिनवगुप्ताला महत्त्वाचे वाटले होते. एकट्याचा आस्वाद आणि समूहात विरघळलेला आस्वाद यांत तो भेद करतो. प्रक्षेपणात प्लिमथच्या प्रेक्षकांचे हसणे ऐकू येते, टाळ्या ऐकू येतात. परंतु ती एकघनता त्यांची आहे. घरी बसलेला प्रेक्षक नाटकाचा प्रेक्षक असतो त्याहून अधिक त्या प्रेक्षकांचा प्रेक्षक असतो. त्याच्या हसण्याने नट थांबत नाही, त्याच्या शांततेने नट बावरत नाही. नटाचा धोका त्याला दिसतो, पण त्या धोक्यात तो भागीदार नसतो. फेलन यांच्या भूमिकेतील सत्य येथे आहे. प्रयोग मुद्रणाने नष्ट होत नाही. प्रयोगातील आपला वाटा तेवढा नष्ट होतो.

५

हा वाटा कोणाच्या बाबतीत किती मोलाचा आहे, हे पाहणारा कोठे बसला आहे यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखकाने हे प्रक्षेपण मुद्रित रूपात पाहिले ते वर्धा जिल्ह्यातील जाम येथे, घरातील व शेजारच्या काही मुलांसमवेत. नागपूर–हैदराबाद महामार्गावरून वरोरा–चंद्रपूरकडे जाणारा रस्ता जेथे फुटतो ते हे गाव. तालुका समुद्रपूर, समुद्र तेवढा तालुक्याच्या नावात आहे. या मुलांना स्पंजबॉब परिचित होता तो हिंदी आवाजातून. टॉम केनी यांचा आवाज त्यांच्यासाठी मूळ नव्हताच. त्यामुळे अमेरिकन मूल ज्या बारकाईने वाचिकाचा ताळा करील तो येथे जुळेना, आणि गमतीचा भाग असा की त्यामुळेच मुले नटाच्या अंगाकडे अधिक पाहू लागली. प्लिमथचे प्रेक्षक शाब्दिक कोटीला हसत तेव्हा ही मुले गप्प असत. चार पायांच्या नाचाला ती प्लिमथच्या आधी हसली. मूळ एकच असते हे गृहीत भाषांतरित कार्टूनच्या प्रेक्षकाबाबत टिकत नाही, एवढे यावरून म्हणता येईल.

त्यांतील एकाने विचारलेला प्रश्न सिद्धांताच्या दृष्टीने नोंदविण्याजोगा आहे. "हा स्पंजबॉब होय, का त्याचं सोंग घेतलेला माणूस होय?" लळित, दशावतार, बोहाडा, बहुरूपी या सर्वांच्या मागे उभा असलेला हा शब्द. सोंग म्हणजे खोटेपणा हा त्याचा नैतिक अर्थ. प्रयोगाच्या परिभाषेत मात्र सोंग खरेही नसते, खोटेही नसते. ते 'आणले' जाते, 'घेतले' जाते, 'वठते' किंवा 'वठत नाही'. शंकुकाने चार कोटी वगळून जी प्रतीती सिद्ध करू पाहिली तिला मराठी लोकव्यवहाराने एक क्रियापद देऊन ठेवले आहे. विशेष हे की, सोंग वठले की नाही हे मूळ रूपाशी ताळा करून ठरत नाही, पाहणाऱ्यांच्या समूहात ठरते. भट्टतौतांच्या आक्षेपालाही येथे उत्तर मिळते. अनुकार्य कोणी पाहिलेले नसले तरी चालते. सोंग पाहणारे समोर असावे लागतात.

आपल्या बालरंगभूमीचा इतिहास या कसोटीवर वेगळा दिसू लागतो. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये 'मधुमंजिरी'ने बालरंगभूमीची जी वाट पाडली आणि रत्नाकर मतकरींनी जी पुढे समृद्ध केली, तीत पात्रांना आधीचे चित्र नव्हते. 'अलबत्या गलबत्या'मधील चिंची चेटकीण कोणत्याही रेषेत बांधलेली नव्हती. दिलीप प्रभावळकरांनी ती एका तऱ्हेने उभी केली, २०१८ च्या पुनरुज्जीवनात वैभव मांगले यांनी दुसऱ्या तऱ्हेने. तुलना झाली ती पालकांच्या स्मरणातील एका नटाशी, बाजारातील एखाद्या नोंदणीकृत चित्राशी नव्हे. स्मरणाशी केलेली तुलना सैल असते, ती नव्या नटाला जागा देते. चित्राशी केलेला ताळा ती जागा देत नाही.

जामहून फुटणारा चंद्रपूरचा रस्ता पुढे झाडीपट्टीकडे जातो. वडसा येथील नाट्यमंडळींची नाटके दिवाळीनंतरच्या हंगामात गावोगावी रात्रभर चालतात. तेथे वादक प्रेक्षकांच्या नजरेसमोर असतात, गाण्याला दाद मिळाली की प्रयोग रेंगाळतो, मिळाली नाही की आवरता घेतला जातो. तांत्रिक सफाईत ही रंगभूमी ब्रॉडवेच्या जवळपासही नाही, आणि तिच्या मेलोड्रामाविषयी कठोर बोलता येईल. पण प्लिमथच्या प्रेक्षकांकडे असलेला आणि पडद्यासमोर बसलेल्याकडे नसलेला वाटा तिच्या प्रेक्षकाकडे पूर्णपणे आहे.

६

या विवेचनातून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे. कार्टूनच्या संगीतिकेचे कलात्मक मूल्य चित्राशी असलेल्या तिच्या सादृश्यात नसते. अमर रेषेशी मर्त्य देहाने मांडलेल्या झुंजीत ते असते. प्रस्तुत प्रयोगाने आहार्याचा मोह टाळून ही झुंज दृश्य केली, हे त्याचे यश आहे. प्रक्षेपण ही झुंज जवळून दाखवते, पण ती पाहणाऱ्याला त्या झुंजीबाहेर बसवते. म्हणून 'दुर्गम भागांतील मुलांसाठी नाटके पडद्यावर उपलब्ध करून देऊ' हा हल्ली वारंवार मांडला जाणारा उपाय अर्धाच आहे. पडद्यावरील प्रयोग मुलाला सोंग म्हणजे काय हे दाखवू शकतो. सोंग वठले की नाही हे ठरविण्याचा अधिकार तो त्याला देऊ शकत नाही. हा अधिकार मिळण्यासाठी नट आणि मूल एका छताखाली किंवा एका आकाशाखाली यावे लागतात.

आपल्या समीक्षेने बालनाट्याला आजवर परिशिष्टात जागा दिली. मुलांचा पहिला रंगानुभव पडद्यावरून येऊ लागलेल्या काळात ते परिशिष्टात ठेवणे परवडणारे नाही, कारण उद्याचा सामाजिक तेथेच घडतो आहे. त्याला ताळा करायला शिकवायचे की दाद द्यायला, हा प्रश्न रसविचाराच्या कक्षेबाहेरचा नाही.